डिफॉल्टर लिस्ट लावण्याआधी

सर,

तुमचे तास मी वाटून दिले. तुम्ही रविवारी दुपारी गेलात. संध्याकाळी तुमच्या घरून परत आले, अंघोळ केली आणि टाइमटेबल काढून बसले. थर्ड इयरचे इलेक्ट्रिकल मशीन्सचे तास सावंत मॅडमना, सेकंड इयरचे नव्या आलेल्या सरांना, लॅब दोघांत अर्धी अर्धी. सोमवारी पहिल्या तासाआधी सगळ्यांच्या हातात कागद होता. सावंत मॅडम माझ्याकडे जरा चमकून बघत होत्या. बघोत. पोरं रिकाम्या फळ्याकडे बघत बसली असती तर ते तुम्हालाच आवडलं नसतं.

शोकसभाही मीच मांडली. फोटो, हार, समई, बोलणाऱ्यांचा क्रम, प्रत्येकाला पाच मिनिटं. वेळ कुणी पाळली नाही. आपले एचओडी म्हणाले, ‘पिसाळ सर म्हणजे अजातशत्रू माणूस.’ मी पहिल्या रांगेत बसले होते. स्टाफरूममध्ये समोरासमोरच्या टेबलांवर बसून ज्या बाईशी तुम्ही इतकी वर्षं रोज भांडलात, ती. क्रम मीच लावला होता आणि त्यात माझं नाव मीच घातलं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते पाच मिनिटांत मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

आपलं भांडण एकच होतं. हजेरी.

विद्यापीठाचा नियम साधा आहे. पंच्याहत्तर टक्के हजेरी हवी. नसेल तर टर्म मिळत नाही, परीक्षेला बसता येत नाही, वर्ष जातं. ज्यांची हजेरी कमी त्यांची नावं नोटीस बोर्डावर लागतात. मुलं तिला डिफॉल्टर लिस्ट म्हणतात, आपणही तेच म्हणतो. मी गणित शिकवते आणि विभागाची कोऑर्डिनेटर आहे, त्यामुळे ती यादी करणं माझं काम. आणि त्या यादीतून नावं पळवणं हे तुमचं काम, असं मी तुम्हाला तोंडावर म्हणायची.

‘मॅडम, ह्या पोराचं नाव काढा.’

‘का?’

‘मी सांगतोय म्हणून.’

‘सर, तुम्ही म्हणजे नियम नाही.’

‘मग तुम्ही हाय काय?’

‘मी पण नाही. म्हणूनच तो लिहून ठेवलाय.’

चहा ठेवायला आलेले बबनराव म्हणायचे, ‘भरलं का हायकोर्ट?’ आणि दोन्ही कप मधोमध ठेवून निघून जायचे.

तुमचे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. शाळेपासून तुम्ही पहाटे त्यांचा डबा घेऊन जायचात, गोण्या उतरवायला हात लावायचात आणि मग कॉलेज. ‘पहिला तास कसा असतो ते मी मास्तर झाल्यावर पाहिलं,’ असं तुम्ही हसत सांगायचात. मला ते हसू पटायचं नाही. मी म्हणायची, सर, तुम्हाला कुणीतरी समजून घेतलं म्हणून तुम्ही पार झालात. ज्यांना कुणी समजून घेतलं नाही ते आज इथे सांगायला नाहीत. तोंडी सवलत दिली की ती बोलघेवड्याला मिळते. जो तुमच्या टेबलाशी येऊन रडू शकतो त्याला मिळते. जो दाराशी येऊन परत जातो त्याचं काय? न बोलणाऱ्यांसाठीच नियम असतो.

यावर तुम्ही ‘तुमचं बरोबर हाय,’ म्हणायचात आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक नाव घेऊन यायचात.

तरी एक कबूल करते. तुम्ही फुकट कधी काही दिलं नाहीत. ज्याचं नाव काढायला सांगायचात त्याला शनिवारी लॅबमध्ये बोलावून बुडालेली सगळी प्रॅक्टिकल्स एकट्याकडून करून घ्यायचात. एकदा मी बघायला आले होते. लॅबमधली जुनी डीसी मोटर सुरू करण्याआधी तिच्याजवळच्या, वीज कमी-जास्त करणाऱ्या रिओस्टॅटचा दांडा एका ठराविक टोकाला आणावा लागतो, नाहीतर मोटर बेफाम पळू शकते, हे मला तुम्हीच समजावलंत. तुम्ही तो दांडा मुद्दाम उलट्या टोकाला सरकवून ठेवायचात आणि खिशात हात घालून उभे राहायचात. मुलाने न बघता स्विचला हात घातला की तो हात वरच्या वर धरायचात. ‘मरतोस काय? आधी बघ. मग हात लाव.’ त्या मुलाचं तोंड मला अजून आठवतं. तो आयुष्यात पुन्हा न बघता कशाला हात लावणार नाही. माझ्या गणिताच्या तासाला पूर्ण हजेरी लावून बसणाऱ्या किती मुलांबद्दल मी असं सांगू शकेन, हा प्रश्न मी तेव्हा तुमच्यापासून लपवला.

पण सर, त्या शनिवारांची तुम्ही कधी नोंद ठेवली नाहीत. भरून काढलेली प्रॅक्टिकल्स नियमात धरता येतात. रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची होती. मी कितीदा सांगितलं. ‘ध्यानात हाय माझ्या,’ म्हणायचात. बघा आता. तुमच्याबरोबर ते ध्यानही गेलं.

आणि मग सुरू झाली जत्रा.

मंगळवारपासून माझ्या टेबलाशी रांग लागली. ‘मॅडम, सर बोलले होते, टर्म देतो.’ ‘मॅडम, सरांनी शब्द दिलेला.’ तुम्हाला जाऊन दोन दिवस झाले नव्हते आणि तुमच्या शब्दांना जिकडेतिकडे पालवी फुटली होती.

‘कुठे दिला शब्द?’ मी एकाला विचारलं.

‘कँटीनला, मॅडम.’

‘सर कँटीनला जात नव्हते. डबा आणायचे.’

‘म्हणजे कँटीनच्या बाहेर.’

दुसरा म्हणाला, ‘सर बोलले, टेन्शन नको घेऊस.’

‘हेच शब्द?’

‘सेम टू सेम, मॅडम.’

तुमच्या तोंडून ‘टेन्शन’ हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. तुम्ही ‘घोर लावून घेऊ नगंस’ म्हणायचात, तेही खेकसून. मला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका राग आला की मी त्या पोराला बाहेर घालवलं. मग शांत झाले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला लागले: लॅबमध्ये मोटर सुरू करताना काय झालं? बहुतेकांनी छताकडे पाहिलं. एक जण मात्र चटकन म्हणाला, ‘सरांनी हात धरला, मॅडम. म्हणाले, मरतोस काय?’ असे जे निघाले त्यांची प्रॅक्टिकल्स मी रजिस्टरमध्ये चढवली. बाकीच्यांना म्हटलं, सर खोटं बोलत नव्हते, तेव्हा त्यांच्या नावावर तुम्हीही बोलू नका.

जी यायला हवी होती ती आलीच नाही.

शुक्रवारी, तुमच्या शेवटच्या शुक्रवारी, आपण जिच्यावरून भांडलो ती थर्ड इयरची श्रावणी तांडेल. सकाळच्या तासांना जवळजवळ कधीच नाही. यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, ‘मॅडम, ती येते. फक्त तुमच्या वेळेला येत नाही.’

‘म्हणजे काय?’

‘सोमवारी सांगतो. तोवर नाव टाकू नका.’

‘आत्ता सांगा.’

‘आत्ता सांगता येत न्हाई.’

‘मग नाव राहील.’

तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. इतकंच. इतक्या वर्षांचा शेवट ‘मग नाव राहील’ या वाक्यावर झाला आणि ते वाक्य माझं होतं. ते चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण ते शेवटचं असायला नको होतं.

बुधवारी मीच तिला निरोप पाठवला. ती दुपारी चारला आली. पायात पोलादी टोकाचे जड बूट, बॅगेतून चकाकत्या पट्ट्यांचं जॅकेट डोकावत होतं.

‘बस. सर तुझ्याबद्दल माझ्याशी बोलले होते.’

ती घाबरली. ‘काय बोलले?’

‘काही नाही. सोमवारी सांगतो म्हणाले.’

‘मग बरं झालं,’ ती म्हणाली आणि जीभ चावली. ‘म्हनजे तसं नाय, मॅडम. तसं नाय.’

मग हळूहळू बोलली. घर सारसोळे गावात. आजोबांपर्यंत खाडीतली मासेमारी, वडील न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात गेटवर. येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरांची नोंद करायचं काम. दिवाळीनंतर त्यांचा पाय कंटेनरच्या दारात सापडला. कंत्राटदार म्हणाला, घरचं कुणी उभं राहत असेल तर जागा राखतो, नाहीतर दुसरा माणूस घेतो. घरात उभं राहण्यासारखी हीच. सकाळची शिफ्ट करते, संपली की थेट लॅबमध्ये.

‘मी कॉलेजला जाते, हे यार्डात कुनाला माहीत नाय. कामाला जाते, हे इथे कुनाला माहीत नाय. फक्त सरांना.’

‘त्यांना कसं कळलं?’

‘बूट बघून. म्हणाले, हे कुठल्या यार्डातले?’

पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलाला नोकरी करता येत नाही. हे समजलं असतं तर कोऑर्डिनेटर म्हणून मला ते वर कळवावं लागलं असतं, आणि मी कळवलं असतं, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून तुम्ही शनिवारी त्यांच्या घरी गेलात. तिच्या वडिलांना म्हणालात, मॅडमना खरं सांगू द्या, त्या रस्ता काढतील. (हे ऐकून मी खिडकीबाहेर बघितलं, सर. माझ्या पाठीमागे तुम्ही माझ्याबद्दल असं बोलत होतात?) वडील म्हणाले, ‘सर, तुमी सांगलाव त जागा पन जाईल न पोरीचा वरीस पन जाईल.’ तुम्ही म्हणालात, ‘बरं. नाही सांगत.’

म्हणजे सोमवारी तुम्ही मला काहीच सांगणार नव्हतात. दारात येऊन पुन्हा ‘नाव काढा’ म्हणाला असतात, मी पुन्हा ‘का’ विचारलं असतं, तुम्ही पुन्हा ‘मी सांगतोय म्हणून’. मी नाव ठेवलं असतं. मला माझी खात्री आहे. दोघांनीही आपापला शब्द पाळला असता आणि या मुलीचं वर्ष गेलं असतं. तुम्ही जिवंत असतात तर ती बुडाली असती, हा विचार आल्यापासून मला धड झोप नाही.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘माझं नाव राहू द्या लिस्टमध्ये. बाबांचा पाय बरा झाला की पुढच्या वर्षी परत बसते. सरांनी अशी टर्म दिली असती तर पोरं बोलली असती, सरांची लाडकी म्हणून दिली. मना तशी नको.’

सर, हे माझंच म्हणणं होतं. कधीतरी एखाद्या विद्यार्थ्याने ते तुमच्यासमोर म्हणावं असं मला किती वर्षं वाटायचं. आणि ती म्हणाली तेव्हा मी काय केलं? मी वाद घातला. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलतोय, अर्धे विषय नवे येतील, एकदा सुटलं की मुली परत येत नाहीत, मी पाहिलंय. ‘आणि तू येतेस ना? फक्त आमच्या वेळेला येत नाहीस.’ वाक्य तोंडातून गेल्यावर कळलं ते कुणाचं आहे. तिलाही कळलं असावं. ती पहिल्यांदा रडली.

जाताना म्हणाली, ‘सर त्या दिवशी आमच्याकडे जेवले. सुकटीचं कालवन. दोनदा मागून घेतलं.’

तुम्हाला मीठ बंद होतं. सुकट तर डॉक्टरांनी नाव घेऊन बंद केली होती, हे अख्ख्या स्टाफरूमला पाठ होतं. वहिनींनी मला त्या रविवारी सांगितलं होतं की शनिवारी रात्री हे जेवलेच नाहीत, पोट भरलंय म्हणाले, आणि तेवढ्यावरून त्या स्वतःला दोष देत होत्या, की माझ्या हाताला चव राहिली नव्हती का. मी गुरुवारी तुमच्या घरी गेले. सांगू की नको, असं मनात चाललं होतं. शेवटी सांगितलं. वहिनी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आतून सून धावत आली. ‘मेला लबाड,’ म्हणाल्या, आणि तोंडावरचा पदर डोळ्यांना लावला. मी त्यांचा हात धरून बसले. मला तसं बसता येतं हे मला माहीत नव्हतं.

अर्जाचं सांगते. हजेरी माफ करायची तर कारण लेखी लागतं आणि विषयशिक्षकाची सही लागते. तुम्ही नाही. तेव्हा कोऑर्डिनेटर म्हणून सही माझी. नेहमीचा रस्ता म्हणजे डॉक्टरचं खोटं सर्टिफिकेट. असली सर्टिफिकेटं मी आजवर परत पाठवत आले. मी लिहिलं: ‘वडिलांना कामावर अपघात. घरची जबाबदारी विद्यार्थिनीवर. प्रॅक्टिकल्स पूर्ण.’ त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. आणि ते पूर्ण खरं नाही. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, आणि खाली तुमचा शब्द होता वगैरे काही घातलं नाही. तुम्हाला मध्ये ओढायचं नव्हतं. एचओडींनी कागद दोनदा वाचला. ‘मॅडम, तुमची सही? तब्येत बरी आहे ना?’ म्हणाले आणि सही केली.

तुम्ही म्हणाल, झालं की मग. नाही झालं.

घरी जाताना पाम बीच रोडवर सिग्नलला थांबले आणि डोक्यात आलं: ती सुटली कारण तुम्ही दारात उभं राहून तिचं नाव घेतलंत. त्याच यादीत खाली जी नावं आहेत त्यांचं काय? त्यांच्यासाठी दारात कुणी आलं नाही. त्यांच्या पायात कसले बूट आहेत ते मी बघितलं का? माझाच मुद्दा होता हा, इतकी वर्षं. फक्त त्याचा अर्थ ‘म्हणून सगळ्यांना सारखंच नाही म्हणा’ एवढाच मी लावत होते.

म्हणून मी यादीतल्या प्रत्येकाला बोलावलं. एकेकाला, दार लावून. दोन दिवस तेच केलं. काय काय ऐकलं, सर. एकीची आई डायलिसिसला, ती तिच्यासोबत जाते. एक जण क्रिकेट खेळतो, दुसरं काही नाही. एकाने सरळ सांगितलं, ‘मॅडम, खरं सांगू? कंटाळा येतो.’ तो मला आवडला. नाव ठेवलं, आणि त्यानेही वाईट वाटून घेतलं नाही. काहींनी खोटं सांगितलं, काहींचं मला ओळखता आलं नाही. तुम्हाला माणूस बघून कळायचं. मला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारूनही नेहमी कळतं असं नाही.

शेवटी सेकंड इयरचा एक मुलगा आला. मागच्या बाकावरचा. त्याचा आवाज मी वर्गात कधी ऐकला नव्हता. बसला. हात मांडीवर.

‘घरी काही आहे का?’

‘काही नाही, मॅडम.’

‘तब्येत? कुठे काम करतोस?’

‘नाही, मॅडम.’

‘मग तासांना का येत नाहीस?’

तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. मी पाणी दिलं. ते तो पूर्ण प्यायला. मी थांबले, बराच वेळ थांबले, माझ्या मानाने खूपच. मग तो म्हणाला, ‘जाऊ?’

मी म्हटलं, जा.

दुपारी पुन्हा निरोप पाठवला. आला नाही. हॉस्टेलवर फोन केला, खोलीला कुलूप आहे म्हणाले. वर्गातल्या मुलांना विचारलं. तो कुणाशी बोलत नाही, असं सगळ्यांनी एकसारखं सांगितलं.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे मी आज सकाळपासून विचारतेय. त्याला काही विचारलं नसतंत, एवढंच मला सुचतं. त्याच्यापुढचं सुचत नाही. ते तुम्ही कधी कुठे लिहून ठेवलं नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

यादी आज संध्याकाळपर्यंत बोर्डावर लावायची आहे. त्याचं नाव तिच्यात आहे. ते काढायला माझ्याजवळ एक शब्द नाही, आणि न बोलणाऱ्यांसाठीच हा नियम असतो, असं मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आले.